घरची माणसं मागून जेवतात

हरिहरेश्वरात माझी खानावळ आहे, तिला एकतीस वर्षं झाली. दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं, "काकू, गिऱ्हाइकांच्या गमती लिहा." गमतींना आमच्याकडे काय तोटा? फोनवर एकवीस मोदक सांगून चौथ्या दिवशी उगवणारी मंडळी मी पाहिली आहेत, आणि आल्या आल्या "गरम नाहीत का?" असं विचारणारीही तीच. एका गृहस्थांनी सोलकढीचा पेला परत पाठवला, म्हणे स्ट्रॉबेरी नासली आहे. असं पुष्कळ आहे. पण लिहायला बसलं की यातलं काही सुचत नाही. एक पोरगी डोळ्यांपुढे येते. तेव्हा गमती राहू देत, मी त्या पोरीचंच लिहिते.

आधी धंदा काय ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. घरगुती खानावळ म्हणजे हॉटेल नव्हे. इथे कार्ड बघून काही मागवता येत नाही. सकाळी नवापर्यंत फोन करून किती माणसं ते सांगायचं, मग तेवढ्यांचाच भात शिजतो आणि तेवढाच नारळ खवला जातो. सोळा पानं बसतील एवढी आमची पडवी. देवळात नैवेद्य गेला की पहिली पंगत, ती उठली की दुसरी, गर्दी असली तर तिसरी आणि चौथी. मी चुलीशी, सुमन भाकऱ्यांवर, आणि आमचे हे पडवीच्या दारात उभे राहून कोणी कधी बसायचं ते ठरवणार. सुमन वाडीवरची. बावीस वर्षं माझ्याकडे आहे आणि माझ्या तोंडाला न घाबरणारी ती एकटीच.

सुट्टीच्या दिवसांत दारात चाळीस माणसं भुकेजून उभी असतात. त्यांना आम्ही म्हणतो, "बसा, पाच मिनिटं." आता हे मी छापून देते आहे म्हणून शेजारचे चिडतील, पण ही पाच मिनिटं घड्याळातली नसतात. माणूस पलीकडच्या खानावळीत जाऊ नये म्हणून म्हणायची ती गोष्ट आहे. कधी ती वीस होतात, कधी चाळीस. ती पोरगी येईपर्यंत त्याने कोणाचं काही बिघडलं नव्हतं, फार तर कोणी तोंड वाकडं करून जेवलं.

आणि एक नियम आहे, तो कुठे लिहिलेला नाही पण आमच्या गावात प्रत्येक बाईला पाठ आहे. घरची माणसं मागून जेवतात. आधी देव, मग पाहुणा, मग उरलेलं आम्ही. चार वाजता मी आणि सुमन भांड्याच्या बुडाचा भात आणि उरलेली आमटी घेऊन मागच्या दारी बसतो. लग्न होऊन आले तेव्हापासून मी भूक लागली म्हणून जेवलेली नाही, सगळ्यांचं झालं म्हणून जेवले आहे. आणि खरं सांगते, मला त्याचा अभिमान होता.

चार वर्षांपूर्वी नेत्रा आली. इथल्या पोस्टात लागली होती. वय तेवीस, अंगाने काडी, बोलायला मात्र स्पष्ट. माणगावच्या आतल्या गावातून बाप तिला सोडायला आला होता. भातशेती करणारा, आधी काही वर्षं कंपनीत काढलेला सरळ माणूस. समोर खोली घेतली होती आणि दोन्ही वेळचं जेवण माझ्याकडे ठरवायचं होतं. भाजी काय असते, तिखट किती असतं, हे सगळेच विचारतात. या पोरीने विचारलं, "जेवण किती वाजता?"

मी म्हटलं, "एकच्या सुमाराला."

"सुमाराला नको, काकू. एक म्हणजे एक."

मला ती उद्धट वाटली. आजकालच्या पोरी, असंही मनात आलं. तेवढ्यात बापाने हात जोडले. म्हणाला, "वैनी, तिला साखरेचा आजार हाय. अकराव्या वर्षापासनं. येळ चुकली तर पोर हातची जाते. दोनदा जाता जाता ऱ्हायली हाय."

साखर म्हटल्यावर मी निर्धास्त झाले. आमच्या ह्यांनाही आहे, अर्ध्या गावाला आहे. म्हटलं, "मग भात बंद, गोड बंद. कारल्याचा रस देईन सकाळी."

नेत्रा हसली. हे तिने शंभरदा ऐकलं असणार. म्हणाली, "काकू, म्हातारपणी होते ती निराळी. माझ्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, थेंबभरसुद्धा नाही. ते मला टोचूनच घ्यावं लागतं. रात्री एक, ते दिवसभर पुरतं, आणि शिवाय प्रत्येक जेवणाआधी एक. भात मी खाणार. पण किती भात खाणार ते आधी ठरवायचं, तेवढं औषध टोचायचं, आणि पंधरा मिनिटांत तेवढा भात पोटात गेलाच पाहिजे."

"आणि नाही गेला तर?"

"औषध थांबत नाही ना. ते साखर शोधत फिरतं. भात आला तर भातातली घेतं, नाही आला तर माझ्या रक्तातली. रक्तातली संपली की डोकं बंद पडतं."

हे ती अगदी सहज बोलली. तोवर माझ्या हातचं खाऊन कोणाचं पोट बिघडेल याची मला भीती असायची. माझं जेवण उशिरा गेलं तर कोणी मरेल, ही भीती नवीन होती. त्या दिवशी मी पोरीला नाही म्हणायला हवं होतं की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

नेत्राने स्वतःची स्टीलची वाटी आणली. दुपारी दोन वाट्या भात, एक भाकरी, भाजी, आमटी. एकाला दहा कमी असताना यायची, मी पातेल्याकडे बघून "घे" म्हणायची, की ती आतल्या खोलीत जाऊन पोटावर पेन टोचायची. ते पेन म्हणजे लिहायच्या पेनासारखंच दिसतं, टोकाला केसाएवढी सुई. मग येऊन पानावर बसायची. आणि मी वाढायला गेले, की ताटावर हात आडवा. आता आमच्या कोकणात आग्रह केला नाही तर वाढलं असं म्हणतच नाहीत. "अगं, एवढाच भात? चिमणी खाते का?" असं म्हणत मी तिसरी वाटी पुढे करायची, आणि ती हात हलवायची नाही. माझा पहिल्या महिन्यात तिच्यावर रागच होता.

त्याच रागात मी एक नीचपणा केला. तिने मला विचारलं होतं, आमटीत गूळ किती घालता? माझी आमटी तालुक्यात नावाजलेली आहे आणि ती गुळावर उभी आहे. ते कोणाला सांगायची माझी तयारी नव्हती. मी म्हटलं, "चिमूटभर, चवीपुरता." खरा घालत होते मुठीएवढा. वाटलं, एवढ्याशाने काय होतंय.

झालं असं, की रोज दुपारी तिची साखर तीनशेच्या वर जायला लागली. डोळ्यांपुढे अंधारी, सारखी तहान, पोस्टात शिक्का मारताना चुका. तिला वाटलं भाताचा अंदाज चुकतोय, म्हणून ती औषध वाढवत गेली. आणि नवव्या दिवशी नारळ महाग म्हणून नव्हे, कंटाळा आला म्हणून मी आमटीऐवजी ताकाची कढी केली. गूळ नाही. तिने मात्र टोचलं होतं वाढवलेलं. पोस्टात परत जाऊन खुर्चीवर बसली आणि थरथरायला लागली. पर्समधली ग्लुकोजची पुडी फाडून तोंडात टाकण्याइतकी शुद्ध होती म्हणून निभावलं.

संध्याकाळी ती आली आणि "कढी कशाची होती?" एवढंच विचारलं. मी एक रात्र काढली, आणि सकाळी जाऊन खरं सांगितलं. मला वाटलं, ओरडेल. ती ओरडली नाही. म्हणाली, "काकू, मी तुमच्या शब्दावर सुई टोचते. माझ्याशी खोटं बोलू नका."

त्या दिवसापासून तिची आमटी वेगळ्या पातेलीत, बिनगुळाची. सुमन म्हणाली, "आता तुमच्या आमटीला गूळ हाय हे एकदाचं कबूल झालात." तिला बरं निमित्त मिळालं.

मग मी शिकले. बोटाला टोचून साखर कशी बघायची, सत्तरच्या खाली म्हणजे काय, घाम आला, ओठ पांढरे पडले, विनाकारण चिडली, तर आधी साखर द्यायची आणि मग प्रश्न विचारायचे. तिने हेही बजावलं होतं, की मी बेशुद्ध पडले तर तोंडात काही ओतू नका, श्वासनळीत जाईल. कुशीवर वळवा आणि दवाखान्यात न्या. पावसाळ्यात आमच्याकडे दोन-दोन दिवस वीज नसते. तेव्हा तिच्या औषधाचा डबा मी प्लास्टिकात गुंडाळून ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात घालायची, आणि तासातासाने मडक्याला हात लावून बघायची, गार आहे ना. समुद्राला उधाण आलं, झाडं पडली, तरी मला काळजी त्या डब्याची. आमचे हे म्हणायचे, "स्वतःच्या लेकराला इतकं बघितलं नसशील." आम्हाला मूल नाही. हे त्यांनी सहज म्हटलं होतं, आणि मी उठून पुन्हा मडक्याला हात लावून आले.

असं करत करत नेत्रा घरची झाली. कधी झाली ते सांगता येत नाही. आधी ती पडवीत पानावर बसायची, मग स्वयंपाकघरात माझ्याजवळ पाटावर बसायला लागली. सुट्टीच्या दिवशी केळीची पानं पुसून द्यायची, लिंबं चिरून द्यायची. मोदकाला कळ्या पाडायला शिकली, माझ्यापेक्षा नाजूक पाडायची. मी लोकांना सांगायला लागले, "ही आमची लेकच आहे." आणि मला हे सुचलंच नाही, की आमच्या घरात लेक कधी जेवते.

तिसऱ्या वर्षी नाताळच्या सुट्टीत गावात गाड्यांना जागा उरली नाही. समुद्रापासून देवळापर्यंत रांग. माझ्याकडे नवापर्यंत चौऱ्याण्णव पानं सांगून झाली होती आणि न सांगता आलेले निराळे. दोन पंगती उठल्या. एकाला दहा कमी असताना नेत्रा आली. पोस्टाला सुट्टी होती, पण तिची वेळ ती चुकवत नसे. मी पातेल्यात बघितलं, भात तयार होता. म्हटलं, "घे."

ती आत गेली, आली, आणि माझ्या कानाशी म्हणाली, "काकू, घेतलं हं." मी तिचं ताट वाढलं. तिच्या वाटीने दोन वाट्या भात, भाकरी, बिनगुळाची आमटी. हे मला आजही दिसतं, भाकरीची कड जरा करपली होती.

तेवढ्यात पडवीत आवाज चढला. एक गृहस्थ पुण्याहून आलेले, पंचावन्न-साठचे. सगळ्यांना वाढलं, त्यांच्यापुढे फक्त मीठ आणि लिंबू. म्हणत होते, अर्धा तास झाला, आम्ही काय भिकारी आहोत का? त्यांचं चुकलं नव्हतं. आमचे हे आत डोकावून म्हणाले, "एक पान दे लवकर." सुमनच्या तव्यावर भाकरी होती, नवीन ताट वाढायला दोन मिनिटं लागली असती. माझ्या हातात नेत्राचं ताट होतं. मी ते पुढे केलं.

नेत्राने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "पाच मिनिटं थांब गं. तू काय, घरचीच."

ती थांबली. गिऱ्हाईक असती तर भांडली असती, पहिल्या दिवशी भांडलीच होती. मी तिला लेक केलं होतं, म्हणून ती गप्प राहिली. नुसतं बसायचं नाही म्हणून तिने लिंबाच्या फोडींची ताटली उचलली आणि पंगतीत वाढायला गेली.

पाच मिनिटांनी कोणीतरी भात मागितला. मग ताक. मग मोदकांचं तूप संपलं. पुढची पंगत बसली. मला तिची आठवण झाली नाही असं मी म्हणणार नाही. दोनदा झाली. दोन्ही वेळा वाटलं, फिरते आहे ना पडवीत, म्हणजे ठीक आहे. तिची पर्स आतल्या खोलीत खुंटीवर होती आणि तिच्यापुढे पाहुण्यांच्या बॅगांचा ढीग.

मग पडवीतून हसण्याचा आवाज आला. एक बाई म्हणत होती, "अहो ताई, पुरे की, सरबत करू का आता?" मी बघितलं, तर नेत्रा एकाच पानापुढे वाकून लिंबाच्या फोडी ठेवत होती. पाच-सहा फोडी झाल्या होत्या. ती आणखी एक ठेवत होती. तिचा ब्लाउज पाठीवर चिंब होता. माझ्या मनात आलं काय, तर या पोरीचं लक्ष कुठे आहे? मी ओरडले, "नेत्रा, लोक हसताहेत."

ती आत आली आणि पाट्यापाशी भिंतीला टेकून खाली बसली. मी पुन्हा म्हटलं, "अगं, गर्दीत बसलीस काय?" तिने माझ्याकडे बघितलं, आणि ते डोळे मला ओळखत नव्हते.

त्या क्षणी माझ्या हातातला डाव चुलीत पडला. घड्याळ बघितलं, पावणेदोन. औषध आत जाऊन पंचावन्न मिनिटं, आणि पोटात काही नाही.

मी साखरेचा डबा घेऊन तिच्याजवळ बसले. साखर ओठांना लावली तर दात घट्ट. हात एका लयीत झटके देत होता. सुमन पाण्यात साखर ढवळून पेला घेऊन आली आणि तिच्या तोंडाला लावणार, तो मी पेला उडवून दिला. नेत्राचं बोलणं आठवलं, तोंडात ओतू नका. तिला कुशीवर वळवलं. ह्यांनी बॅगा फेकून पर्स आणली. मी तिच्या बोटाला टोचलं, माझ्याच बोटाला दोनदा टोचलं गेलं आधी. यंत्रावर चौतीस आकडा आला.

दारात गाडी कोणाची, असं मी पडवीत जाऊन विचारलं. कसं विचारलं मला आठवत नाही, पण सोळाच्या सोळा माणसं उभी राहिली. ज्या गृहस्थांना मी तिचं ताट दिलं होतं, त्यांचीच गाडी सगळ्यांत पुढे होती. ते जेवून बाहेर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी सुपारी टाकली आणि गाडी काढली. तालुक्याचा दवाखाना वीसेक किलोमीटर. एरवी अर्धा तास. त्या दिवशी वळणावळणावर गाड्या अडकलेल्या. एका ठिकाणी बस आणि टेम्पो समोरासमोर आले आणि दोघंही मागे घेईनात. त्या गृहस्थांनी खाली उतरून बसवाल्याचे पाय धरले, अक्षरशः. मी मागे नेत्राचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या नाकाशी हात धरून बसले होते. श्वास लागला की मोजायची, नाही लागला की मरायची. मला देवाचं नाव आठवलं नाही. मला एवढंच दिसत होतं, की ताट कोणाच्या हातात गेलं.

दवाखान्यात त्यांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. मला वाटलं होतं तासभर लागेल. काही मिनिटांतच तिचे ओठ हलले. डोळे उघडले, माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, पंगत उठली का?"

मी बाहेर गेले आणि व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून रडले. ते पुण्याचे गृहस्थ माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "ताई, देवाने वेळेवर पाठवलं मला." मी हो म्हटलं.

पाचच्या सुमाराला तिचे वडील आले. मी चहा आणायला गेले होते. परत आले तेव्हा बापलेक बोलत होते, मला बघून थांबले. नेत्रा मोठ्याने म्हणाली, "आबा, काकूंनी वेळेवर वाढलं होतं. मीच वाढायच्या नादात जेवले नाही." त्यांनी उठून मला हात जोडले. म्हणाले, "वैनी, तुम्ही व्हत्या म्हणून पोर गावली." मी चहा पुढे केला.

नेत्रा चौथ्या दिवशी परत आली आणि पुढे दीड वर्ष माझ्याकडेच जेवली. त्या दीड वर्षात एकाला दहा कमी झाले की आमच्या पडवीत मंत्री येऊन बसला असता तरी पहिलं ताट तिचं. आधी ताट तिच्या समोर, मग सुई. ती घास मोजायची नाही तेवढे मी मोजायची. "काकू, बघू नका हो, घास उतरत नाही," असं ती हसून म्हणायची. मी तोंड फिरवायची आणि कानाने मोजायची. रात्री तिच्या खोलीतला दिवा मालवला की मगच मी झोपायची. खोलीतून फोन आला की उचलण्याआधी मी चपला घालायची. दर पौषात तिच्या वडिलांकडून नव्या तांदळाचं पोतं यायचं. पोतं आलं की त्या दिवशी मला जेवण जायचं नाही.

या जूनमध्ये तिची बदली झाली, रेवसला. आणि श्रावणात एका सोमवारी तिचे वडील दर्शनाला आले, पिशवीत पोहे घेऊन. आता मात्र मला राहवेना. पोरगी दूर होती, माझ्या बाजूने बोलायला इथे नव्हती. मी म्हटलं, "भाऊ, बसा. त्या दिवशी ती वेळेवर आली होती. तिने औषध घेतलं हे मला सांगितलं होतं. तिचं वाढलेलं ताट मी दुसऱ्याला दिलं."

ते पोह्यांच्या पिशवीची गाठ सोडत होते. ती पुरती सोडली. मग म्हणाले, "मला ठाव हाय. तुम्ही चाय आणाया गेल्या, तवाच पोरीनं सांगितलं. तुमच्या म्होरं मुद्दाम तसं बोलली."

मी विचारलं, "मग माझ्याकडे ठेवलीत कशी?"

"तुमचं हात बघितलं. निम्मी चाय भुईवर व्हती. मला वाटलं, ही बाई आता जन्मात न्हाय इसरायची. तिला दुसरीकडं ठिवून मी पुन्हा शून्यापासनं कुणाला भिववत बसू?" मग पोह्यांची पिशवी माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "आता रेवसला जेवते, ती बाई लई मायाळू. माज्या देखत पोरीच्या गालावरनं हात फिरवला आनि म्हनाली, ही तर माझी लेकच. वैनी, तवापासनं मला झोप न्हाय. तुम्ही एकदा जाऊन या."

मी खानावळ दोन दिवस सुमनवर टाकली. माणगावला नेत्राच्या वडिलांकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला रेवसला पोचले. नेत्रा पोस्टात होती. मी थेट त्या बाईच्या दारात गेले. पन्नाशीची, हसरी, कपाळभर कुंकू. ती भाकरीचं पीठ मळत होती, मला पाट दिला. मी ओळख दिली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. गूळ सांगितला, ताट सांगितलं, लिंबाच्या फोडी सांगितल्या, चौतीस सांगितलं. घरची म्हटली म्हणून थांबवली, हे दोनदा सांगितलं. तिचं मळणं हळू होत होत बंद झालं.

मग ती म्हणाली, "मना नाय जमाचा, बाय. माझ्या दारी पोर मेली तर? उद्यापासून तिला दुसरीकडं सांग."

याचा मी विचारच केला नव्हता. मी आले होते पोरीचं ताट सांभाळायला, आणि ते काढून घेऊन चालले होते. बंदराच्या त्या गावात दुसरी खानावळ कुठे असणार? मी तिला समजावायला तोंड उघडलं. घाबरू नकोस, असं कसं म्हणू? तिने घाबरावं म्हणूनच तर आले होते. मी भिंतीला टेकून बसून राहिले. तिने भाकऱ्या भाजल्या, भात उतरवला, एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

पाऊण वाजता धक्क्यावर काम करणारी तीन माणसं येऊन बसली आणि ताटं वाजवायला लागली. मागोमाग नेत्रा आली. मला बघून दारातच थांबली. माझं तोंड बघून तिला काय समजायचं ते समजलं असावं. ती त्या बाईला हळू आवाजात म्हणाली, "मावशी, घेऊ ना मी?"

माणसांपैकी एक म्हणाला, "आम्ही आधी आलोय गो." बाईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने नेत्राची वाटी घेतली, भात भरला, ताटात पालथी केली, पुन्हा भरली, पुन्हा पालथी केली. आमटी वाढली, भाकरी ठेवली आणि ताट उचलून नेत्राच्या पाटापुढे नेऊन ठेवलं. मग म्हणाली, "आता घे तुझा औषध. मी हितंच बसते."

आणि ती खरंच तिच्या समोर बसली, त्या तिघांना तसंच ठेवून. ताट ठेवताना पाटाभोवती शितं सांडली होती, त्या दिवशी माझा चहा सांडला तशी. मी उठले आणि शितं वेचायला खाली बसले.